आधी ऊन मोजा, मग कुंडी आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सदनिकेत फळे, भाज्या आणि स्वयंपाकात लागणाऱ्या सुवासिक वनस्पती कशा वाढवाव्यात, यावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून हल्ली वरचेवर लिहिले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. अशाच एका लेखामुळे काही वर्षांपूर्वी मी पहिली कुंडी घरात आणली आणि तेव्हापासून खिडकीच्या कट्ट्यावर व गॅलरीत मिळून काही ना काही हिरवे सतत वाढते आहे. मात्र या लेखनात एक उणीव मला सातत्याने जाणवते आणि तिच्यापायी हौसेने सुरुवात केलेली माणसे पहिल्याच हंगामात हात टेकतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लेखांची सुरुवात बी, माती आणि कुंडी यांपासून होते. उन्हाचा उल्लेख झालाच तर तो शेवटी, ‘भरपूर सूर्यप्रकाश मिळेल अशी जागा निवडावी’ एवढ्या एका ओळीत उरकलेला असतो. सदनिकेत राहणाऱ्याला जागा निवडण्याची मुभा असते कुठे? त्याच्या वाट्याला दोन-तीन खिडक्या आणि फार तर एक गॅलरी आलेली असते, त्यांची दिशा इमारत बांधणाऱ्याने ठरवलेली असते आणि समोरच्या इमारतीची सावली कुणाच्याच हातात नसते. म्हणून ‘मला काय लावायचे आहे’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘माझ्या खिडकीत काय होऊ शकते’ हे तपासले पाहिजे, आणि तपासायचे कसे हे वाचकाला कुणीतरी नीट सांगितले पाहिजे.

माझी पहिली चार रोपे टोमॅटोची होती. खोलीतल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीत, काचेच्या आत, मी ती ठेवली होती. महिनाभरात ती माझ्या कोपरापर्यंत वाढली तेव्हा मला फार समाधान वाटले. पण खोड पेन्सिलीहून बारीक होते, दोन पानांमधले अंतर वीतभर झाले होते आणि चारही रोपे काचेवर रेलून उभी होती. ती वाढ नव्हती, ती उजेडासाठी चाललेली धडपड होती, हे मला कळायला वेळ लागला. मधल्या काळात मी खत वाढवले, पाणी वाढवले, त्यामुळे खालची पाने पिवळी पडली. अखेर मोजून सात-आठ फुले आली आणि देठावरच्या गाठीपाशी सुकून एकेक करून गळाली. मी बियाण्याला दोष दिला, मातीला दिला, शेवटी स्वतःच्या हाताला दिला. मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला त्या कट्ट्यावर ऊन आहे की नाही, एवढेच एका कागदावर लिहीत गेले. संध्याकाळी बेरीज केली तेव्हा थेट ऊन भरले ते जेमतेम अडीच तास, आणि तेही काचेतून गाळून आलेले.

आपल्या डोळ्यांमुळे या बाबतीत मोठी फसगत होते. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते, तर दिवे लावलेल्या, आपल्याला चांगल्या उजळ वाटणाऱ्या खोलीत ती ३०० ते ५०० लक्सच्या आसपास असते. हा फरक दोनशे पटींचा किंवा त्याहून अधिक आहे. डोळ्यातली बाहुली लहान-मोठी होते, नजर जुळवून घेते आणि आपल्याला दोन्ही ठिकाणी सारखेच स्वच्छ दिसते. पानाला मात्र असे जुळवून घेता येत नाही, कारण तिथे पडणाऱ्या प्रकाशावरच त्याचे अन्न तयार होते. खिडकीपासून दोन मीटर आत आले की आभाळाचा दिसणारा तुकडा आक्रसतो आणि प्रकाश कित्येक पटींनी घटतो. कुंडी कट्ट्यावरून उचलून जवळच्या टेबलावर ठेवणे आपल्या लेखी किरकोळ बदल असतो, पण रोपाच्या दृष्टीने ती जवळजवळ उपासमारच ठरते.

हे तपासायला उपकरण लागतेच असे नाही. निरभ्र दिवशी दुपारी, जिथे कुंडी ठेवायची आहे तिथे एक कोरा पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्यावर साधारण फूटभर उंचीवर हात धरावा. बोटांची सावली गडद आणि कडा रेखीव असतील तर त्या जागी फळभाजीचा विचार करता येईल. सावली ओळखू येते पण कडा पुसट आहेत, असे असेल तर पालेभाजी आणि पुदिन्यासारख्या वनस्पती तिथे निभावतील. हात धरला आहे की नाही हेच कागदावरून कळत नसेल, तर तिथे दिव्याची सोय केल्याशिवाय खाण्याजोगे काही लावू नये. याच्या जोडीला थेट उन्हाचे तास मोजावेत आणि ते वर्षातून निदान दोनदा मोजावेत, कारण ऋतूबरोबर सूर्याचा मार्ग वर-खाली सरकतो. हिवाळ्यात खोलीत आतपर्यंत येणारे तिरपे ऊन उन्हाळ्यात उंबरठ्यावरच थांबते, आणि एका मोसमात भरभरून पीक देणारी खिडकी दुसऱ्या मोसमात रिकामी ठेवावी लागते.

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी यांना दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन लागते आणि पालक, मेथी, लेट्यूस, कोथिंबीर यांचे तीन-चार तासांत भागते, हे आकडे अनेकांना पाठ असतात. त्यामागचे कारण समजले तर ते आकडे पाळावेसे वाटतात. पान हा वनस्पतीचा कारखाना आहे. पालेभाजीत आपण तो कारखानाच खातो, म्हणून तो उभा राहिला की आपले काम झाले. फळाचे तसे नसते. मुळे, खोड आणि पाने यांचा रोजचा खर्च भागल्यावर जी साखर शिल्लक उरते तीच फळात भरली जाते. जिथे शिलकीत काही पडतच नाही तिथे रोप फूल टाकून देते आणि स्वतः जगते, आणि त्याच्या दृष्टीने तो निर्णय अगदी योग्य असतो. माझ्या टोमॅटोंनी नेमके हेच केले होते.

कमी उजेडाच्या घरांनी यावरून निराश होऊ नये, कारण पालेवर्गीय आणि सुवासिक वनस्पतींचा आवाका मोठा आहे आणि ताज्या पानाचा जो फायदा आहे तो त्यांच्यातच सर्वाधिक मिळतो. टोमॅटो तोडल्यानंतर काही दिवस टिकतो. बेसिलची किंवा पुदिन्याची पाने खुडल्यापासून काही तासांतच मलूल होऊ लागतात, त्यामुळे ती कात्रीच्या अंतरावर असण्याला खरे मोल आहे. बेसिलबाबत एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. खोडावर जिथे पानांची जोडी फुटते, तिथे दोन्ही पानांच्या बगलेत बारीक, मोहरीएवढ्या पालव्या दबा धरून बसलेल्या दिसतात. त्या जोडीच्या लगेच वर शेंडा खुडला की आठवड्याभरात त्या दोन्ही पालव्या फुटून वर येतात आणि एका फांदीच्या दोन होतात. खालची मोठी पाने ओरबाडून घेण्याची आपल्याला सवय असते. त्याने रोप उघडे पडते आणि शेंड्याला तुरा येऊन पानांची वाढ मंदावते. शेंडा खुडत राहिले तर हातभर उंचीचे एक रोप झुडपासारखे भरते, आणि खुडलेला शेंडा पाण्याच्या पेल्यात ठेवला की एक-दोन आठवड्यांत त्यालाही मुळे धरतात. पुदिनाही असाच पाण्यात मुळे धरतो. त्याचे धावते खोड कुंडीतल्या इतर रोपांना जागा उरू देत नाही, म्हणून त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी. रोझमेरी आणि थाईम यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती उघड्या उन्हातली, रेताड जमिनीतली झुडपे आहेत आणि स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कट्ट्यावर ती हळूहळू मरतात.

कोथिंबिरीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण सर्वाधिक निराशा तिच्याच बाबतीत वाट्याला येते. आपण ज्याला धना म्हणतो ते प्रत्यक्षात एक फळ असते आणि त्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच दाबून धने दुभंगावेत आणि मगच पेरावेत. उगवायला एक ते तीन आठवडे लागतात आणि या काळात ‘बी खराब निघाले’ असे समजून अनेकजण माती उकरतात. तिचे मूळ सरळ खाली जाणारे असल्यामुळे एकीकडे रोप करून दुसरीकडे लावणे तिला मानवत नाही. जिथे कापायची तिथेच पेरावी, निदान वीतभर खोल भांड्यात. उष्णता आणि दिवसाची लांबी वाढली की ती पाने धरण्याऐवजी तुऱ्यावर जाते आणि त्यावर इलाज नाही. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे-थोडे पेरत राहावे. एकदाच पेरून वर्षभर कोथिंबीर मिळेल, असे आश्वासन कुणी देऊ नये.

उन्हाची उणीव दिव्याने भरून काढता येते आणि हा मार्ग पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. पालेभाज्या आणि रोपे यांच्यासाठी साधा पांढरा एलईडी दिवा पुरतो. जांभळा उजेडच हवा हा समज बाळगण्याचे कारण नाही, कारण पानाला लागणारा लाल आणि निळा हे दोन्ही घटक पांढऱ्या प्रकाशात असतात. महत्त्वाचे असते ते अंतर. छताला टांगलेला दिवा रोपाच्या उपयोगाचा नाही, तो शेंड्यांपासून साधारण १५ ते ३० सेंटीमीटरवर हवा आणि दिवसाला १२ ते १६ तास चालू राहायला हवा. २० वॅटचा दिवा १४ तास लावला तर रोज ०.२८ युनिट, म्हणजे महिन्याला ८.४ युनिट वीज खर्च होते. एका तबकाएवढ्या जागेतल्या पाल्यासाठी हा हिशेब कुणाला परवडेल, कुणाला नाही. पण तो आधी मांडलेला असावा. त्याच दिव्यावर टोमॅटो पिकवू म्हटले तर तो अपुरा पडतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

उजेडाच्या खालोखाल कुंडीतली रोपे दगावतात ती पाण्याने, आणि बहुतेकदा कमी पाण्याने नव्हे. मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती गुदमरतात, कुजतात, आणि मुळे कुजलेले रोप तहानलेल्या रोपासारखेच माना टाकते, त्यामुळे आपण आणखी पाणी घालतो. घरात हा धोका अधिक असतो, कारण मंद उजेडात आणि कोंडलेल्या हवेत रोप पाणी कमी पिते. कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालावेत म्हणजे निचरा होतो, ही सूचना जवळपास प्रत्येक लेखात असते आणि ती चुकीची आहे. हे पडताळून पाहणे सोपे आहे. भांडी घासायचा एक चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा आणि त्यातून आपोआप गळणारे पाणी थांबू द्यावे. मग तोच स्पंज, न पिळता, उभा धरावा. पुन्हा पाण्याची धार लागते. उंची वाढली की पाणी खाली उतरते आणि तळाशी साचून राहणारा ओला पट्टा मात्र तेवढाच राहतो. बारीक मातीखाली जाड खडे आले की पाणी त्या सीमेवर अडून राहते, आणि तो ओला पट्टा वर, मुळांच्या जवळ सरकतो. खड्यांनी जागा खाल्ली, मातीची उंची घटली आणि निचरा होता तिथेच राहिला. तळाला मोकळी भोके, भुसभुशीत मिश्रण आणि पुरेशी खोल कुंडी असली की वेगळे काही करावे लागत नाही. पाणी कधी घालायचे हे वेळापत्रकाने ठरवू नये. बोट दोन-तीन सेंटीमीटर आत घालून पाहावे, किंवा कुंडी किंचित उचलून तिच्या वजनाचा अंदाज घ्यावा. पंधरा दिवसांत हाताला ते बरोबर कळू लागते.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट नोंदवते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते आणि भिजलेली बागेतली माती त्याहून बरीच जड असते, त्यामुळे २० लिटरची एक कुंडी पाणी घातल्यावर ३० किलोंच्या वर जाते. अशा दहा कुंड्या गॅलरीच्या कठड्यालगत ओळीने मांडल्या की भिंतीच्या पुढे काढलेल्या स्लॅबच्या अगदी टोकावर ३०० किलोंहून अधिक भार कायमचा येऊन बसतो. मोठ्या कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरावे, आणि इमारत जुनी असेल तर बांधकाम अभियंत्याला विचारल्याखेरीज भार वाढवू नये. कठड्याबाहेर टांगलेली कुंडी सुंदर दिसते, पण उंच मजल्यांवरचा वारा कोणत्याही हुकाचे ऐकत नाही आणि खाली माणसे चालत असतात. अशी छायाचित्रे छापली जातात तेव्हा मला खरोखर धास्ती वाटते.

ज्यांना मातीचे वजन आणि पसारा दोन्ही नको आहेत त्यांच्यासाठी अमेरिकेच्या हवाई राज्यातील विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत पाहण्यासारखी आहे. तिला पंप लागत नाही. झाकणाच्या भांड्यात पोषक द्रव्ये मिसळलेले पाणी भरून वर जाळीच्या पेल्यात लेट्यूसचे रोप बसवले जाते. रोप पाणी पीत जाते तशी पातळी खाली जाते, वरच्या मुळांना ओलसर हवा मिळते आणि खालची मुळे पाण्यात राहतात. पातळी उतरलेली पाहून भांडे पुन्हा काठोकाठ भरले तर हवेत श्वास घेणारी मुळे बुडतात, आणि पारदर्शक बरणी उघडी ठेवली तर पाण्यात शेवाळ धरते. या दोन चुका टाळल्या तर ही पद्धत नवख्यालाही जमते.

ज्यांच्याकडे सहा तासांचे ऊन आहे त्यांनी फळभाज्या जरूर लावाव्यात, मात्र बंद गॅलरीत मधमाश्या येत नाहीत आणि वाराही नसतो, हे ध्यानात ठेवावे. टोमॅटो आणि मिरची यांचे एकच फूल स्वतःपुरते समर्थ असते. दुपारच्या सुमारास फुलांचा घोस बोटाने हलकेच टिचकावला की पराग झडून काम होते. काकडीची नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवली काकडी आधीपासूनच दिसते. सकाळी, फुले उमललेली असताना, नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, पिवळे पराग मादी फुलाच्या मध्यभागी टेकवावेत. हे न केल्यास ती इवली काकडी पिवळी पडून गळते आणि आपण किडीचा शोध घेत बसतो. परागाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीच्या जातीही मिळतात आणि सदनिकेसाठी त्याच निवडाव्यात. स्ट्रॉबेरीच्या फुलातल्या सर्व भागांना पराग न मिळाल्यास फळ वेडेवाकडे होते, म्हणून मऊ कुंचला प्रत्येक फुलावर गोल फिरवावा. लिंबाच्या बाबतीत खाल्लेल्या फळातली बी पेरण्याचा मोह होतो; त्या झाडाला फळ धरायला बरीच वर्षे लागतात. कलमी रोप मोठ्या कुंडीत दोन-तीन वर्षांत फळ देऊ शकते, अर्थात ऊन असेल तरच.

स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्याचे जे झटपट उपाय सुचवले जातात, त्यांच्यावर फार विसंबू नये. अंड्याची टरफले मातीत विघटित व्हायला फार काळ लागतो, आणि टोमॅटोच्या बुडाशी पडणारा काळा डाग बहुधा पाणी कधी कमी कधी जास्त झाल्याने पडतो, कारण पाण्याबरोबरच कॅल्शियम फळापर्यंत पोहोचते. नियमित पाणी हाच तिथला उपाय आहे. घरात मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण एकदा शिरला की त्याला खाणारे ढालकिडे तिथे नसतात, म्हणून दर दोन दिवसांनी पान उलटून पाहावे आणि सुरुवातीलाच सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून काढावे.

एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण एका विनंतीत आहे. आपल्या पुरवणीत घरातल्या बागेवरचा लेख छापताना प्रत्येक वनस्पतीसमोर तिला लागणारे थेट उन्हाचे तास, कुंडीची किमान खोली आणि पेरणीपासून पहिल्या तोडणीपर्यंतचे दिवस, एवढ्या तीन गोष्टी लेखकांकडून आवर्जून लिहून घ्याव्यात. छायाचित्र छापले तर ती बाग कोणत्या दिशेच्या आणि किती तास उन्हाच्या गॅलरीतली आहे, हे त्याखाली असावे. ज्यांच्या खिडकीत अडीच तास ऊन येते अशा वाचकांची संख्या लहान नसावी. त्यांच्यासाठी केवळ कमी उजेडात होणाऱ्या भाज्यांवर एखादा स्वतंत्र लेख आपण द्यावा. टोमॅटोच्या त्याच खिडकीत आज पालक, पुदिना आणि दिव्याखाली बेसिल आहे, आणि ती खिडकी आता वर्षातून फार थोडे दिवस रिकामी असते.

कळावे,
आपली एक नियमित वाचक